जे हलतं त्याला औषध

आत्यांच्या घरी मी कॉलेजपासून जात होते. पण त्यांना कामावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माशाला रागावत होत्या.

"तुझं झालंय ना खाऊन? मग सरक. तिला मिळू दे."

मासा माझ्या करंगळीएवढाही नव्हता. डोक्यापासून शेपटीपर्यंत निळ्या रेघा, पट्टी लावून ओढल्यासारख्या. तसे बरेच मासे एका पारदर्शक डब्यात, आणि तसे डबे मांडण्यांवर ओळीने, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हजारो मासे असतील. आत्या रागावत होत्या तो त्यांतला एक.

"ये," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "चपला बाहेर. त्या ओल्या पायपुसण्यावर पाय घास आणि मग ये. बाहेरचा रोग आत आणायचा नाही."

खोली उबदार होती, दमट. पंप एका सुरात घरघरत होता. थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा झाला. आत्यांना मात्र तो कायम ऐकू यायचा. बोलता बोलता मधेच थांबायच्या, मान वाकडी करायच्या, आणि पुन्हा बोलायला लागायच्या.

आत्या म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या आत्या. मैत्रिणीला सगळे लवंगी म्हणतात. ती लहानखुरी आहे आणि तिचं बोलणं झोंबतं. तिचं ऐकून मी आत्या म्हणायला लागले. त्या कामाला होत्या त्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी ती हाक कुठून उचलली कोण जाणे, पण तिथेही शिपायापासून मॅडमपर्यंत सगळ्यांच्या त्या आत्याच. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडम तर त्यांच्याहून वयाने मोठ्या होत्या. तरी आत्या.

तरुणपणी त्या तिथे काचेची भांडी धुवायला लागल्या. लवंगीची आई गेली तेव्हा लवंगी रांगत होती. वडील ट्रक चालवायचे, अजूनही चालवतात. घरी पाहुण्यासारखे येतात. पोरीला कुणी बघायचं हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही. आत्यांनी तिला उचलून कडेवर घेतलं. त्यात लग्नाचं राहून गेलं.

"राहून नाही गेलं," आत्या म्हणायच्या. "मीच विसरले. पातेलं गॅसवर ठेवून विसरतात तसं."

"मग करपलं का?" लवंगी विचारायची.

"करपलं. म्हणून तर तू पदरात पडलीस."

लवंगी शाळेत असताना जिन्यावर पडायला लागली. पुढे तपासण्या झाल्या. तिच्या स्नायूंमध्ये एक घटक जन्मापासून बिघडलेला आहे. स्नायू झिजतात आणि पुन्हा भरून येत नाहीत. कॉलेजात ती कठडा धरून एकेक पायरी चढायची आणि मी तिची पिशवी घेऊन मागे. आता ती चाकाच्या खुर्चीत असते. चमचा तोंडाशी नेताना एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर उचलते. घरी शिकवण्या घेते. मुलं तिला टरकून असतात.

मधे एका मोठ्या दवाखान्यात या आजारावर नवा उपचार सुरू झाला होता. आत्या तिला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तिला चालून दाखवायला सांगितलं. तिला जमलं नाही. ते म्हणाले, जे अजून चालतात त्यांनाच देतो आहोत, बाकीच्यांना उपयोग होत नाही. 

"बसणाऱ्यांना बसवून ठेवलं," लवंगी मला म्हणाली. तेवढंच.

त्यानंतर संस्थेत मॅडमनी याच आजारावर काम सुरू केलं. आत्यांनी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की ती मांडणी मला द्या. का, ते मॅडमना माहीत होतं. त्यांनी दिली. त्या मांडणीवरच्या माशांमध्ये तोच घटक बिघडलेला होता, जो लवंगीत बिघडला आहे. घरात पोरगी, कामावर मासे. एकच दुखणं.

मी साहित्याची पदवी घेतली होती आणि काम शोधत होते. मॅडमना रुग्णांच्या घरच्यांसाठी सोप्या भाषेत लिहिणारं माणूस हवं होतं. लवंगीने माझं नाव आत्यांना सांगितलं, आत्यांनी मॅडमना. अशी मी तिथे चिकटले. आत्या मला कवयित्रीबाई म्हणायला लागल्या. मी आयुष्यात एकही कविता केलेली नाही.

"मासेच का?" मी पहिल्याच दिवशी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आत्यांकडे जा. त्या दाखवतील."

आत्यांनी मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. खाली काचेच्या डिशमध्ये काल सकाळी घातलेलं अंडं होतं. साखरेच्या दाण्याएवढं. मी डोळा लावला. आत एक वाकलेला जीव होता, काचेसारखा आरपार. आणि त्याच्या छातीशी काहीतरी उघडत मिटत होतं.

"ते काय आहे?"

"काळीज."

मी डोळा काढला. मग पुन्हा लावला. कालपर्यंत हा जीव नव्हता. आज त्याचं काळीज माझ्यासमोर धडधडत होतं, उघडं, आणि त्याला कळतही नव्हतं की कुणी बघतंय. मी स्टूल मागे सरकवून उभी राहिले.

"बस जरा," आत्या म्हणाल्या. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. माणसाचं पोर आईच्या पोटात असतं, तिथे कोण डोकावणार? हे बाहेर वाढतं. पाण्यात. डोळ्यांदेखत. कणा, काळीज, स्नायू, सगळं आपल्यासारखंच. म्हणून मासे."

संध्याकाळी त्या एक नर आणि एक मादी छोट्या डब्यात ठेवायच्या, मधे पारदर्शक फळी. सकाळी दिवे लागले की फळी काढायच्या. मासे एकमेकांभोवती फिरायचे आणि अंडी जाळीतून खाली पडायची.

"जाळी कशाला?"

"नाहीतर आईबापच खातात."

हे मी घरी लवंगीला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या बाबांनी निदान ट्रक घेतला."

आत्या स्वतः कधी मासे खात नसत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ऑफिसचं काम मी घरी आणत नाही."

दुसरा धक्का मला बर्फाचा बसला. प्रयोग संपला की ते मासे परत डब्यात जात नाहीत. नियमच तसा. आत्या एका भांड्यात बर्फाचं पाणी करायच्या आणि जाळीने मासे त्यात सोडायच्या. एक क्षण हालचाल. मग नाही. सकाळी ज्या माशाला त्या रागावल्या होत्या तोही त्यात होता. निदान मला तसं वाटलं.

"त्यांना कळत नाही," आत्या म्हणाल्या. "पटकन होतं."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. म्हणून तर मी करते. ज्याला वाटत नाही त्याच्या हातात द्यायचं का?"



आता औषधाबद्दल. ते दुसऱ्या एका आजारावर माणसांना आधीपासून दिलं जात होतं. त्यामुळे वाट जवळची होती. माशांवर गुण दिसला तर दवाखाना ते लवंगीसारख्यांना देऊन बघायला तयार होता, आणि या वेळी चालता येण्याची अट नव्हती. त्याने मूत्रपिंडावर ताण येतो, हे मॅडमनी कुणापासून लपवलं नव्हतं. फायदा मोठा असेल तर तेवढा धोका घेता येईल, असं त्या म्हणायच्या. औषधाची बाटली छोटी. उजेडात खराब होतं म्हणून तिला चंदेरी कागद गुंडाळलेला असायचा.

आजारी पिल्लं वेगळी काढायची. दोन काळ्या काचांमधून बघितलं की निरोगी पिल्लाचे स्नायू चकाकतात, आजारी पिल्लाची चकाकी तुटलेली असते. मग त्या आजारी पिल्लांचे दोन भाग करायचे. एका डिशमध्ये औषध, दुसरीत साधं पाणी. काही दिवसांनी केसासारख्या बारीक तारेने पिल्लाच्या शेपटीला स्पर्श करायचा. पळतं का बघायचं.

औषधातली पिल्लं पळत होती. साध्या पाण्यातली पडून राहत होती. दर वेळी. मॅडम सहसा हसत नाहीत. त्या काळात त्या कॉरिडॉरमध्ये चालताना हसायच्या.

ड्रॉपरने पिल्लं उचलायचं काम खरं तर विद्यार्थ्यांचं. पण त्यांच्या हातून पिल्लं मरायची. जास्त जोर लागला की संपलं. आत्यांच्या हातून कधी मरत नसत. त्यामुळे हळूहळू ते काम आत्यांकडे गेलं. कुणी ठरवलं नाही. चांगल्या हाताकडे काम आपोआप सरकतं, तसं झालं.

लवंगीने औषधाचं नाव पाठ केलं होतं. लांबलचक, जीभ अडखळेल असं. ती ते शिव्या दिल्यासारखं म्हणायची.

"सुरू झालं की आधी काय करणार?" मी एकदा विचारलं.

"चहा स्वतःच्या हाताने पिणार. आत्या फुंकर मारून देते. मला गरम लागतो."

"तोंड भाजेल," आत्या आतून म्हणाल्या.

"भाजू दे. माझं आहे."

रुग्णांच्या घरच्यांची सभा ठरली. त्यांना वाटायचं पत्रक मी लिहिलं. मॅडमनी मला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि मी वाक्य वाक्य घासून सोपं केलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: "कोणत्या पिल्लाला औषध मिळणार हे कुणी निवडत नाही, ते चिठ्ठी टाकल्यासारखं, न बघता ठरतं, म्हणूनच दिसणारा फरक औषधाचा मानता येतो."

सभेच्या आदल्या सकाळी मी आत्यांजवळ जाऊन बसले. त्या पिल्लांचे भाग करत होत्या. काही चुकलंय का, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावं, एवढाच हेतू होता. हातात चहा होता. आत्यांनी तो बाहेर ठेवायला लावला.

त्यांनी तार उचलली. एका पिल्लाला शेपटीशी हलकेच शिवल्या. ते थोडं सरकलं. त्यांनी ते ड्रॉपरमध्ये ओढून चंदेरी कागदाच्या बाटलीजवळच्या डिशमध्ये सोडलं. पुढच्याला शिवल्या. ते हललं नाही. ते दुसऱ्या डिशमध्ये. मग तिसरं. ते सरकलं. औषधाच्या डिशमध्ये.

मला समजायला वेळ लागला.

"आत्या, हे तुम्ही बघून टाकताय."

"मग काय डोळे मिटून टाकू?"

"म्हणजे जे हलतंय ते..."

"जे हलतं त्याला औषध." त्या कामात होत्या, वर न बघता बोलत होत्या. "जे पडूनच आहे ते बिचारं औषध घेऊन काय करणार? बाटली बघ केवढीशी येते. थेंब थेंब जपून वापरायचं. ज्याच्यात जीव आहे त्याला द्यावं, म्हणजे सार्थकी लागतं. दवाखान्यातही असंच करतात. लवंगीला नाही का म्हणाले, जे चालतात त्यांनाच."

माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. छापून आलेला, नव्या कागदाचा वास असलेला.

"काय गं? तोंड का असं केलंस?"

मी एक पत्रक काढलं आणि ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. 

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला. हळू, आवाज न करता, जसं त्या सगळंच ठेवायच्या. दोन्ही डिशकडे बघत राहिल्या. औषधाच्या डिशमध्ये अजून औषध घातलेलंही नव्हतं. पिल्लं त्यात इकडून तिकडे सरकत होती.

"म्हणजे हे औषध देणं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही. औषध लागू पडतं का, ते बघणं होतं."

"आणि ती पळतात ती..."

 त्यांनीच वाक्य पुरं केलं.

"ती आधीपासूनच पळत होती."

पंप घरघरत होता. मला तो अचानक ऐकू यायला लागला.

"पहिल्यापासून असंच केलंत?"

"पहिल्यापासून. मला कुणी चिठ्ठीचं म्हणालं नाही. म्हणालं असेल. दोन भाग करा म्हणाले, मी केले." त्या उठल्या, हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले. "आता नाही सांगितलं तर काय होईल?"

हा प्रश्न त्या मला विचारत होत्या. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, आणि मला माशातलं काही कळत नाही.

"लवंगीला औषध मिळेल," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि तिच्या मूत्रपिंडावर ताण येईल. आणखी काय होईल ते कुणालाच माहीत नसेल. आपल्याला सोडून."

त्या बराच वेळ मांडणीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी पायातल्या रबरी चपला काढल्या आणि दाराबाहेर जाऊन स्वतःच्या घातल्या.

"मी सांगू का मॅडमना?" मी विचारलं.

"तू कशाला? हात माझा होता."

मॅडमच्या खोलीत त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच सांगितलं. सगळं, क्रमाने, स्वतःची बाजू न घेता. मॅडमच्या समोर उद्याच्या सभेचं भाषण होतं. त्या ते बोलण्याच्या सुरुवातीला चाळत होत्या. मग चाळायच्या थांबल्या.

"सगळ्या वेळी?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"आत्या, अहो..." मॅडमनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय मी पहिल्यांदा पाहिले. फार थकलेले होते. "तुम्हाला कसं कळायचं कोणत्या डिशमध्ये काय जाणार ते?"

"चंदेरी कागद."

मॅडमनी चष्मा भाषणाच्या कागदांवर ठेवला. मग म्हणाल्या, "दोन्ही बाटल्यांना कागद लावायला हवा होता. एवढी साधी गोष्ट. आणि तुमचा हात चांगला म्हणून तुमच्या खोलीत कुणी डोकावलं नाही. मीसुद्धा नाही."

"माझी नोकरी घ्या हवं तर."

"नोकरी घेऊन काय करू? मला मासे मारता येतात, वाढवता येत नाहीत." त्या हसल्या नाहीत. "तुम्ही आज का सांगितलंत? उद्यानंतर कुणाला कधीच कळलं नसतं."

"तुम्ही ते लवंगीला देणार होता," आत्या म्हणाल्या.

सभा पुढे ढकलली. पत्रकांचा गठ्ठा माझ्या टेबलाखाली गेला. घरी काही सांगायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं, पुन्हा करून पाहीपर्यंत. कदाचित औषध खरंच लागू पडत असेल. हे आत्या दिवसातून कितीदा तरी म्हणायच्या. माझ्याकडे बघून, भिंतीकडे बघून, माशांकडे बघून. "असेलही ना खरंच. मी चुकले म्हणून औषध चुकलं असं थोडंच आहे?"

मॅडमही म्हणाल्या की असेल.

पुन्हा करायचं ठरलं तेव्हा मॅडमनी विद्यार्थ्याला बसवायचं म्हटलं. आत्यांनी ऐकलं नाही. "त्याच्या हातून निम्मी मरतील आणि मग पुन्हा प्रश्न राहील की औषधाने मेली का हाताने. मीच करते. तुम्ही शेजारी बसा आणि लक्ष ठेवा."

दोन्ही बाटल्यांना चंदेरी कागद. एकीवर लाल ठिपका, दुसरीवर काळा. कशात काय आहे ते मॅडमनाही माहीत नव्हतं. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या कुणीतरी भरल्या होत्या. चिठ्ठ्या मी कापल्या, अर्ध्यांवर लाल, अर्ध्यांवर काळा, आणि एका रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढून वाचायचं कामही माझ्याकडेच आलं.

"लाल," मी वाचलं.

आत्यांनी पिल्लू उचललं. ते अगदी पडून होतं, एका कुशीवर कललेलं, फक्त काळीज चालू. त्यांचा ड्रॉपर हवेत थांबला.  

"जा बाई," आत्या म्हणाल्या आणि ते लाल डिशमध्ये सोडलं.

पुढची चिठ्ठी काळी होती. ते पिल्लू चांगलं तरतरीत होतं, ड्रॉपरच्या आत वळवळत होतं. ते काळ्यात गेलं. आत्यांनी ओठ आत ओढून धरले होते. शेवटपर्यंत तसेच.

मग वाट बघणं. आत्या रोज डिशमधलं पाणी बदलायच्या आणि निघून यायच्या. वाकून बघायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "नजर लागते." मग स्वतःच म्हणाल्या, "माझी."

शेवटच्या दिवशी तारेचा स्पर्श मॅडमनी स्वतः केला. लालमधलं पहिलं पिल्लू. हललं नाही. दुसरं सरकलं. तिसरं नाही. मग काळ्यातली. एक सरकलं. दोन नाही. असं करत सगळी झाली. मॅडम लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याला एकेक निकाल सांगत होत्या, आणि त्यांचा आवाज हळूहळू सपाट होत गेला. शेजारच्या प्रयोगशाळेतून निरोप आला की लाल म्हणजे औषध.

काही फरक नव्हता. लालमध्ये जेवढी पळाली, जवळपास तेवढीच काळ्यात. पडून राहिली तीही तेवढीच.

  विद्यार्थ्याने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. मॅडम खिडकीपाशी गेल्या. आणि आत्या उठून बर्फ आणायला गेल्या, कारण प्रयोग संपला होता आणि नियम तो नियम.

मी त्यांच्या मागे गेले. त्या भांड्यात बर्फ ओतत होत्या. मला वाटलं, त्या रडत असतील. रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा, कुणीतरी खूप मोठ्याने ओरडल्यावर होतो तसा होता. कोरा.

"मी त्या पोरीला एवढे महिने खोटं औषध पाजलं," त्या म्हणाल्या.

"तिने औषध घेतलेलंच नाही, आत्या."

"घेतलंय. रोज."

घरी आम्ही दोघी बरोबरच गेलो. लवंगीची शिकवणी नुकतीच संपली होती. टेबलावर कुणाची तरी वही विसरली होती आणि तिने त्यावर पेन्सिलने "गाढवा" लिहून ठेवलं होतं. तिने आमची तोंडं बघितली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही," आत्या म्हणाल्या. आणि त्या बसल्या आणि सांगितलं. मॅडमना सांगितलं तसंच, क्रमाने. तार, ड्रॉपर, चंदेरी कागद, जे हलतं त्याला औषध. मग चिठ्ठ्या. मग लाल आणि काळं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा कळलं की त्यांचा हात एवढा स्थिर कसा आहे. त्या सगळी थरथर दुसरीकडे कुठेतरी ठेवतात.

लवंगीने मधे एकदाही टोकलं नाही. हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे माझं औषध गेलं," शेवटी ती म्हणाली.

"ते नव्हतंच गं."

"नव्हतं. पण माझ्याकडे होतं ना."

आत्यांनी मान खाली घातली. मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं. धूळ उडत होती आणि उन्हात दिसत होती.

"आत्या, एक विचारू?" लवंगी म्हणाली. "खरं सांगायचं."

"विचार."

"मी त्या डिशमध्ये असते तर मला कुठे टाकलं असतंस?"

मला वाटलं, आता हे थांबवावं. काहीतरी बोलावं, पाणी आणावं.  आत्यांनी मान वर केली. त्यांना खोटं बोलता आलं असतं. इतकं सोपं खोटं होतं ते, आणि कुणीही त्यांना दोष दिला नसता.

"साध्या पाण्यात," त्या म्हणाल्या.

लवंगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. बोटं थोडी हलली. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला.

"बघ," ती मला म्हणाली. "सख्ख्या भाचीलाही वशिला नाही."

मला हसू आलं नाही. आत्यांनाही आलं नाही. ती एकटीच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिला ते पुसायला हात तिथपर्यंत नेता येईना. आत्या उठल्या. पदराने तिचे डोळे पुसले. लवंगीने पुसू दिले.

"पुढचं औषध येईल तेव्हा?" तिने विचारलं. 

"तेव्हा चिठ्ठी."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. मी बघणारसुद्धा नाही."

"मग चिठ्ठीच बरी," लवंगी म्हणाली. "तिच्यात निदान माझी निम्मी आशा आहे. तुझ्या हातात काहीच नव्हती."

आत्यांनी ते ऐकून घेतलं.  त्या आत गेल्या, चहा टाकला, आणि कपात ओतून आणला. सवयीने कप ओठांजवळ धरला, फुंकर मारायला. मग थांबल्या.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे."

त्यांनी फुंकर न मारता कप तिच्या तोंडाला लावला. लवंगीने घोट घेतला. तिचं तोंड भाजलं, ते मला दिसलं. तिने डोळे घट्ट मिटले, गिळलं, आणि पुन्हा तोंड पुढे केलं.